हेशमतचे अकरा सेकंद

मनोरंजन हा अत्यंत गंभीर विषय आहे, आणि म्हणूनच तो जगात सगळीकडे गंभीर माणसांच्या ताब्यात दिलेला असतो. त्यातही घरी बसून पाहायच्या चित्रपटाची जबाबदारी मोठी. चित्रपटगृहात अंधार असतो, शेजारी अनोळखी माणूस असतो, जो बिघडायचा तो एकटा बिघडतो. घरी मात्र आजी, सून, नातवंडे आणि फळांची परात असे सगळे कुटुंब एकदम बिघडण्याचा धोका असतो. हा धोका ओळखून तेहरानात घरगुती प्रदर्शनाच्या तपासणीसाठी एक स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली. तिचे काम उत्तम चालते. (दुपारी बारा ते दोन सोडून.)

‘रक्ताळलेला गुरुवार’ हा मारधाडीचा शहरी थरारपट याच कचेरीतून पार पडून घरोघरी पोचला. पोचेपर्यंत त्याचे नाव ‘गुरुवार’ एवढेच उरले होते. रक्त घरात शोभत नाही, हे कचेरीचे म्हणणे कोणालाही पटावे. दिग्दर्शक जहानशाह याने मधला मार्ग म्हणून ‘घामेजलेला गुरुवार’ सुचवले होते. त्यावर कचेरीने घाम कोणाचा आणि कशामुळे, असा लेखी खुलासा मागवला. तेव्हा त्याने विशेषणच सोडून दिले.

या सगळ्या कामकाजाकडे तेहरानच्या नाझीआबाद वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा एक माणूस श्वास रोखून पाहत होता. त्याचे नाव हेशमत पीरायेश, वय अठ्ठावन्न, धंदा पडणे.

चित्रपटात नायक पडतो, असे आपण म्हणतो. नायक पडत नाही. नायक खुर्चीवर बसून चहा घेतो आणि हेशमत पडतो. एकतीस वर्षांत तो एकूण एकशे चौऱ्याऐंशी वेळा पडला. जिन्यावरून सहासष्ट, बाल्कनीतून एक्केचाळीस, चालत्या मोटारीतून अडतीस, घोड्यावरून बावीस (ऐतिहासिक), पुलावरून नऊ. उरलेले आठ प्रसंग कौटुंबिक चित्रपटांतले आहेत आणि ते स्वयंपाकघरात घडले. या सगळ्या काळात प्रेक्षकांनी त्याची पाठ पाहिली, टाळू पाहिली, एकदा बुटाचा तळवा फार जवळून पाहिला. चेहरा कोणी पाहिला नाही. चेहरा दिसला असता तर तो नायक नाही हे कळले असते, आणि मग पडण्यात काही अर्थ उरला नसता.

याचे त्याला दुःख नव्हते. दुःख नुसरत आगाचे होते.

नुसरत आगा हा हेशमतच्या बायकोचा, तूबा खानमचा, थोरला भाऊ. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला. एकतीस वर्षांपूर्वी हेशमत मागणी घालायला गेला, तेव्हा मुलगा काय करतो या प्रश्नाला त्याच्या आईने “चित्रपटात असतो” असे उत्तर दिले. नुसरत आगाने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “चित्रपटात असेल, तर तोंड दिसेल. तोंड दिसलं की जावई म्हणू. तोवर हा मुलगा आहे.”

लग्न झाले, मुलगी झाली, मुलगी विद्यापीठातून पदवी घेऊन आली, पण निर्णय कायम राहिला. अठ्ठावन्नाव्या वर्षीही हेशमत त्या घरात ‘हा मुलगा’ होता. ईदेला वीसजणांसमोर नुसरत आगा हाक मारी, “ए पोरा, ती उशी दे इकडे.” आणि पोरगा दोन हप्त्यांत खुर्चीवरून उठे आणि उशी देई.

सुरुवातीला हेशमतने पुरावे सादर करण्याचा प्रयत्न केला. त्याने मेहुण्याला तीनदा चित्रपटगृहात नेले. “बघा, तो मी!” असे तो म्हणेपर्यंत तो बाल्कनीतून गेलेला असे.

“पाठ चांगली आहे,” नुसरत आगा बाहेर आल्यावर म्हणे. “पण पाठ कोणाचीही असू शकते, पोरा. मी वजनमाप खात्यात होतो. शिक्का पुढून मारतात.”

‘गुरुवार’च्या चित्रीकरणात मात्र नशीब उघडले. रसवाल्याचे काम करणारा नट वाहतुकीत अडकला आणि आलाच नाही. जहानशाहने इकडे तिकडे पाहिले, तर हेशमत पुलावरून पडून नुकताच वर आला होता आणि कपडे झटकत होता.

“हेशमत जान, तुला चेहरा आहे ना?” जहानशाहने विचारले.

“असायला हवा,” हेशमत म्हणाला.

अशा रीतीने त्याला गाड्यावर उभे करण्यात आले. समोरून दोन मोटारी एकमेकींचा पाठलाग करत जातात. धूळ खाली बसते. रसवाला हातातला पेला तसाच धरून थेट आपल्याकडे पाहतो आणि म्हणतो, “यांना एवढी घाई कुठे जायची आहे?” एकाहत्तराव्या मिनिटाला अकरा सेकंद पूर्ण चेहरा, दोन्ही कानांसकट.

आता प्रश्न एवढाच होता की कचेरी त्या अकरा सेकंदांचे काय करते. हेशमत दर तपासणीला जहानशाहबरोबर जाऊन कोपऱ्यात बसू लागला.

कचेरीचे काम किती बारकाईने चालते, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पाठलागाच्या दृश्यात सर्वांनी पट्टे बांधलेले असावेत, असा पहिला मुद्दा होता. तो मान्य झाला. नायक एकेरी रस्त्यात उलट्या दिशेने घुसतो, हे मुलांवर वाईट संस्कार करणारे होते, म्हणून पाठलाग कायदेशीर वळणांवरून नेण्यात आला. तीन लाल दिव्यांवर नायक थांबतो, मागे खलनायक थांबतो. पाठलाग चार मिनिटांनी वाढला. तेहरानच्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणाऱ्या या दोनच मोटारी असल्याने मागून लोकांनी भोंगे वाजवले, ते आवाज तसेच ठेवले आहेत.

खलनायक मुळात दातांचा डॉक्टर होता. डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेताच त्याला बांधकामाचा ठेकेदार केले. ठेकेदारांची संघटना जास्त मोठी निघाली. मग त्याला गालिचांचा व्यापारी, शिकारी पक्ष्यांचा अभ्यासक आणि निवृत्त सनईवादक करून पाहिले. शेवटी तो ‘बेकार इसम’ ठरला. बेकारांची संघटना नसल्यामुळे चित्रपट एका दिवसात पुढे सरकला. (त्याच्याकडे सहा मोटारी आणि हेलिकॉप्टर कुठून आले, हे विचारण्याचा अधिकार कचेरीला नाही, तो कर खात्याला आहे.)

सगळ्यात नाजूक मुद्दा नायिकेचा. ती नायकाला जळत्या गोदामातून ओढून बाहेर काढते. परक्या पुरुषाला हात लावून ओढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिने त्याला छत्रीच्या मुठीने ओढावे असे ठरले. पण तेहरानात ऑगस्ट म्हणजे कोरडा उन्हाळा, तेव्हा छत्री कशाला? म्हणून आधी पाऊस दाखवणे आले. अग्निशामक दलाचा बंब मागवून पाऊस पाडला. त्या पावसाने गोदामाची आग विझली. परिणामी नायिका आता छत्रीच्या मुठीने नायकाला एका विझलेल्या, थोड्या दमट गोदामातून बाहेर काढते, आणि तो तिला म्हणतो, “तुम्ही माझा जीव वाचवलात.” जाणकारांच्या मते हा संवाद आता पूर्वीपेक्षा खोल वाटतो.

एका मंगळवारी एकाहत्तरावे मिनिट आले. तपासणी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चित्र थांबवले.

“हा कोण?”

“रसवाला आहे, साहेब,” जहानशाह म्हणाला. “पाठलाग बघतो.”

“बघून काय करतो?”

“काही करत नाही.”

“मग चांगला माणूस दिसतो.” साहेबांनी चष्मा पुसला. “पण हे लाल काय आहे हातात?”

“डाळिंबाचा रस आहे.”

“लोक जेवता जेवता बघणार. लाल काही पातळ दिसलं की घास अडकतो. गाजराचा करा.”

कोपऱ्यात हेशमतने इतका मोठा श्वास सोडला की साहेबांनी वळून पाहिले. “आणि हे गृहस्थ कोण?”

“हेच ते रसवाले, साहेब.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिले, हेशमतकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. “पडद्यावर बरे दिसतात,” ते म्हणाले आणि शिक्का मारला.

डाळिंबाचे गाजर करताना रंग थोडा सांडला आणि हेशमतचा चेहराही नारिंगी झाला. पण चेहरा शाबूत होता. एकवीस कलमे, सात बैठका आणि पाच संघटना यांतून अकरापैकी अकरा सेकंद जिवंत बाहेर आले. कचेरीबद्दल लोक वाटेल ते बोलतात. या प्रकरणात तिने आपले काम चोख केले, हे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. पुढे जे घडले ते पूर्णपणे घरगुती होते.

शुक्रवारी जेवायला आणि मग चित्रपट पाहायला या, असे निमंत्रण सगळ्यांना गेले. तूबा खानमने आंबट चेरीचा भात केला. हेशमतने एका कागदावर वेळापत्रक केले. साडेतीनला चित्रपट सुरू, चार एक्केचाळीसला चेहरा. चार पस्तीस ते चार पंचेचाळीस या वेळात घरात चहा, काकड्या, पिस्ते किंवा विचारपूस यांपैकी काहीही फिरवले जाणार नाही. कागद फ्रिजच्या दारावर लावला. मुलगी पर्दीस हिच्या हाती रिमोट देऊन तिला जागेवरून न हलण्याची ताकीद दिली.

“बाबा, मी शस्त्रक्रियेला नाही बसलेय,” पर्दीस म्हणाली.

“तसंच समज,” हेशमत म्हणाला.

साडेतीनला तेराजण बसले होते. नुसरत आगा नव्हता. वेळेवर जेवायला येणे म्हणजे भूक लागल्याची कबुली देणे, असे त्याचे मत असल्याने तो कधीच वेळेवर येत नसे. हेशमतने फोन लावला.

“तुम्ही सुरू करा,” नुसरत आगा पलीकडून म्हणाला. “माझ्यासाठी थांबलात तर माझं मेलेलं तोंड बघाल.”

“तुमच्याशिवाय कसं सुरू करू? तुमच्यासाठीच तर आहे सगळं.”

“पोरा, शपथ घातलीय मी. निघालोच आहे. बूट घालतोय.”

इतकी मोठी शपथ मोडणे शक्य नव्हते. चित्रपट सुरू झाला. हेशमत दाराजवळच्या उंच खुर्चीवर बसला. खाली गालिच्यावर तो बसत नाही. लाल दिव्यांवर नायक थांबला तेव्हा तूबाच्या मावशीने त्याचे कौतुक केले. “किती वळणाचा मुलगा आहे,” ती म्हणाली. “आईबापांनी चांगलं वाढवलंय.”

चार एक्केचाळीसला मोटारी निघून गेल्या, धूळ खाली बसू लागली, आणि दारावरची घंटा वाजली.

घरात वडीलधारा पाहुणा आला की सगळ्यांनी उठून उभे राहायचे असते. हे कुठेही लिहिलेले नाही, म्हणूनच ते काटेकोर पाळले जाते. तेराच्या तेराजण उठले. दूरचित्रवाणीसमोर माणसांची एक भिंत तयार झाली. दारात नुसरत आगा मिठाईचा डबा घेऊन उभा होता. पण दुर्दैवाने दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर साहेबही त्याच वेळी जिना चढून आले होते.

“आधी तुम्ही,” नुसरत आगा म्हणाला.

“छे, तुमच्या आधी मी? मला लाज वाटेल.”

“मोठे तुम्ही आहात.”

“वयाने असेन. मानाने नाही. या, या.”

“तुम्ही माझ्या डोक्यावरचा मुकुट आहात, चला आत.”

मागे कुठेतरी रसवाला बोलला, “यांना एवढी घाई कुठे जायची आहे?” ते कोणाला ऐकू गेले नाही. हेशमतलाही नाही, कारण तो यजमान होता, दारातच उभा होता, पडद्याकडे पाठ करून, आणि दोघांना एकदमच आत या अशी विनवणी करत होता. नुसरत आगाला तेरा माणसांच्या फटीतून एक नारिंगी कान दिसला, असे त्याने नंतर सांगितले.

सगळे बसेपर्यंत पडद्यावर दुसरेच काही चालू होते.

“अगं बाई,” तूबा खानम म्हणाली. “गेलं की काय ते?”

“मागे नेते ना,” पर्दीस म्हणाली. घरच्या चित्रपटाचे हेच तर भाग्य. तिने रिमोट उचलला.

“ने, ने,” नुसरत आगा कोट काढत म्हणाला. “या पोराचं तोंड बघायला तर एवढ्या लांब आलो.”

इथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे कोणी काही देऊ केले, तर तीनदा नको म्हणायचे आणि चौथ्यांदा घ्यायचे, हा रिवाज आहे. त्याला तआरुफ म्हणतात. त्यावर संपूर्ण देश उभा आहे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर परदेशात वाढलेला असतो किंवा आजारी असतो. हेशमत दोन्हीपैकी काही नव्हता.

“छे छे,” तो म्हणाला. “माझ्या तोंडात बघण्यासारखं काय आहे?” हे पहिले.

“अहो, दाखवू द्या ना तिला,” तूबा खानम म्हणाली.

“नको, नको. सगळ्यांचा विरस होईल. कथा रंगात आलीय.” हे दुसरे.

“हेशमत आगा, माझ्या जिवाची शपथ,” इंजिनियर साहेब म्हणाले. “बघूच द्या. आमचे डोळे उजळतील.”

“मी तुमच्या पायाची धूळ, साहेब. धुळीचं काय तोंड बघायचं?” हे तिसरे.

हेशमतने आता चेहऱ्यावर थोडा संकोच, थोडी शरणागती आणली. चौथ्या विचारण्याला द्यायचे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होते: “बरं, तुमचा एवढा हुकूमच असेल तर.” नुसरत आगाने तोंड उघडले. पर्दीसचा अंगठा बटणावर होता.

आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर गोळी सुटली.

सगळे तिकडे वळले. बेकार इसमाने हेलिकॉप्टर मागवले होते. चौथ्यांदा विचारायचे राहून गेले. स्वतः होऊन ‘बरं, दाखवा’ असे म्हणणे शक्य नव्हते. त्यासाठी माणसाला जे धैर्य लागते, ते पुलावरून पडायला लागणाऱ्या धैर्यापेक्षा वेगळे असते. हेशमतने काकड्यांची ताटली उचलली आणि फिरवायला सुरुवात केली. वेळापत्रकाप्रमाणे त्याला अजून दोन मिनिटे बंदी होती.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला नायक पुलावरून खाली कोबीच्या ट्रकवर पडतो. मागून घेतलेले दृश्य आहे. फक्त पाठ आणि उलटे होणारे पाय. आणि नुसरत आगा गालिच्यावरून ताडकन उठला.

“थांबव! ए मुली, थांबव! हा आपला पोरगा आहे!”

“कोण?” मावशीने विचारले.

“अहो, हा! हेशमत! बघा ना खांदा कसा आत घेतोय. एकतीस वर्षं बघतोय मी. डावा खांदा आधी, मग मान. असं या शहरात दुसरं कोणी पडत नाही. मागे ने, मागे ने!”

पर्दीसने हेशमतकडे पाहिले. त्याने पहिले “छे छे” म्हणायला तोंड उघडले, पण कोणी थांबलेच नाही. चित्र मागे गेले. हेशमत पुन्हा पडला. टाळ्या झाल्या. पुन्हा मागे नेले. इंजिनियर साहेबांना पायांजवळून पाहायचे होते म्हणून तिसऱ्यांदा नेले. मावशी चष्मा आणायला गेली होती, तिच्यासाठी चौथ्यांदा. शेवटी संथ गतीने एकदा पाडले. संथ गतीत पडायला जवळजवळ पाऊण मिनिट लागते. सगळ्या नातेवाइकांनी ते पाऊण मिनिट एकाग्रतेने पाहिले. कोणी काकडीलाही हात लावला नाही.

“वा, पोरा,” नुसरत आगा पाहून संपल्यावर म्हणाला. “पडावं तर असं.”

तूबा खानमने विचारले, “दादा, आता तरी जावई म्हणशील का नाही?”

“तोंड कुठे दिसलं?” नुसरत आगाने विचारले. तो वाईट माणूस नव्हता. तो वजनमाप खात्यातला होता.

महिन्याभराने वितरण कंपनीचा अहवाल आला. (असे अहवाल कोणी वाचत नाही, पण हेशमतने वाचला.) पहिल्या महिन्यात ‘गुरुवार’ सेहेचाळीस हजार तीनशे अठरा घरांत लावला गेला. प्रेक्षक तो थांबवून उठतात असे सर्वांत लोकप्रिय ठिकाण एकाहत्तरावे मिनिट निघाले. त्याचे कारणही तर्कशुद्ध आहे. पाठलाग संपलेला असतो, मारामारी सुरू व्हायची असते, आणि समोर एक रसवाला नुसता उभा असतो. चहा टाकायला याहून चांगली वेळ नाही. त्रेसष्ट टक्के घरांत तिथेच बटण दाबले गेले. चित्र सरासरी नऊ मिनिटे थांबून राहिले.

हेशमतने पर्दीसकडून हिशेब करून घेतला. त्याचा चेहरा तेहरान आणि इतर शहरांतल्या घरांमध्ये, एका महिन्यात, सगळा मिळून एकशे ब्याऐंशी दिवस पडद्यावर स्थिर राहिला होता. इतका वेळ इतका मोठा चेहरा देशातल्या कोणत्याही नायकाला मिळालेला नाही. समोर खोलीत कोणी नव्हते, ही तांत्रिक बाब झाली.

तो कागद घेऊन तो नुसरत आगाकडे गेला. नुसरत आगाने दोनदा वाचला, आकडे तपासले, बरोबर आहेत असे सांगितले.

“म्हणजे कोणी नसतं, तेव्हा तू दिसतोस,” तो म्हणाला. “चहा घेणार, पोरा?”

हेशमतने एकदाच नको म्हटले आणि निघाला. पुढच्या मंगळवारी त्याला सहाव्या मजल्यावरून पडायचे होते. जहानशाहने विचारले होते की या वेळीही एखादा चेहरा हवा का, आणि त्याने कळवले होते की पाठच ठेवा. घरच्यांना ओळखायला सोपे जाते.

सुजाण वाचकाला अर्थातच हळहळ वाटली असणार. अकरा सेकंद वाचतात की जातात, नुसरत आगा पाहतो की नाही, चौथ्यांदा कोणी विचारते की नाही, याची काळजी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. असा सहृदय वाचक मिळणे कठीण. एक माणूस एकशे चौऱ्याऐंशी वेळा खाली पडल्याचे आम्ही त्याला तपशीलवार सांगितले, आणि तोही त्याचा चेहराच शोधत राहिला. फार लागले का, असे मात्र त्याने एकदाही विचारले नाही.